अर्धा खेळ हिरवळीवर
गोल्फमध्ये लांब फटक्याचे कौतुक सगळेच करतात. पण ७२ पारच्या मैदानात, प्रत्येक होलला दोन या हिशेबाने, तब्बल ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात. म्हणून सरावाचा निम्मा वेळ पटरला द्यायलाच हवा. होलचा व्यास अवघा १०८ मिलिमीटर. वेगात आलेला चेंडू काठाला लागून बाहेर पडतो, बेताने आलेला त्याच काठावरून आत घरंगळतो. तेव्हा आधी अंतराचा अंदाज पक्का करा, मग दिशेचा. टायगर वुड्ससारखा खेळाडूही दोन टी रोवून त्यांच्या फटीतून पटर फिरवण्याचा सराव करत आला आहे. मनगटे स्थिर, झोका खांद्यांतून, आणि चेंडू निघून गेल्यावरही डोके खालीच. एवढे रोज निष्ठेने करा, हात शिकतोच.