चांदची तारीख पाहा, मग समुद्राकडे जा

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या बीडमधून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठले की पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, हवे तिकडे जाता येते. खर्च वाचावा म्हणून बरीच कुटुंबे तंबू, सतरंज्या आणि गॅसची शेगडी गाडीत टाकूनच निघतात. जरूर जावे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा. सिद्दींचा हा किल्ला १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत कोणालाही जिंकता आला नाही. चारही बाजूंनी खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव! टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांना याचे नवल वाटल्याशिवाय राहणार नाही.

पण निघण्यापूर्वी एक गोष्ट घरातल्या सर्वांनी समजून घ्यावी. आम्ही मराठवाड्याची माणसे. आमचे पाणी म्हणजे विहीर, तलाव, फार तर मांजरा धरण. सकाळी ते जिथे असते तिथेच संध्याकाळी असते. समुद्र तसा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर आली होती. त्या दुपारी १४ विद्यार्थी बुडाले. तरुण, शिकलेली मुले होती ती.

समुद्राचे पाणी साधारण सव्वासहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. म्हणजे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा सगळा खेळ मुख्यतः चंद्राचा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वात जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. अर्धा चंद्र असताना चढउतार कमी असतो, त्याला कोकणात भांग म्हणतात. आपल्या घरात चांदची तारीख रोज पाहिली जाते, त्यामुळे हा हिशेब आपल्याला सोपा आहे. चांदच्या पहिल्या-दुसऱ्या आणि १४-१५ तारखेला उधाण, ७-८ आणि २१-२२ च्या सुमारास भांग.

वेळ काढायची रीतही सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असा कोकणात जुना हिशेब आहे. चांद अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून आपल्या तारखेत एक मिळवावा. बेरीज १५ च्या वर गेली तर १५ वजा करावेत. समजा चांदची ७ तारीख आहे. एक मिळवून ८, त्याची पाऊणपट ६. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराला ओहोटी. यात तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून गावातल्या कोळी बांधवांना विचारून खात्री करावी.

आता हाच दिवस डोळ्यांपुढे आणा. कुटुंब दुपारी बाराला पोहोचते, लांबलचक ओली वाळू दिसते, मुले आत धावतात. जेवण होईपर्यंत पाणी फिरलेले असते. ते समोरूनच येते असे नाही. वाळूचे उंचवटे कोरडे असतात तेव्हाच मागचे खोलगट भाग भरू लागतात आणि परतीची वाट तुटते. मुरूडच्या त्या दिवशीही चंद्र अर्धाच होता, उधाण नव्हते. भांग आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हे त्यातून शिकावे.

तंबू ठोकताना वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ शोधावी. शेवटची भरती तिथवर आली होती. तिच्या बऱ्याच वर, सुरूच्या झाडांकडे जागा पाहावी. नारळाखाली झोपू नये. रात्र काढण्यापूर्वी गावकऱ्यांची परवानगी घ्यावी. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत आपले कोकणी मुस्लिम बांधव राहतात. वुजूच्या पाण्यापासून धोक्याच्या जागेपर्यंत ते सगळे सांगतील.

नमाजाच्या वेळी सर्व मोठ्यांनी एकदम उभे राहू नये. दोन तुकड्यांत नमाज पढावी, म्हणजे कोणीतरी एक जण मुलांजवळ राहील. अम्मीला वाटते अब्बांचे लक्ष आहे, अब्बांना वाटते अम्मीचे, आणि अपघात तेवढ्यातच होतो.

पाणी आत ओढू लागले तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावे. ओढ कमी झाली की बाहेर यावे. कोणी बुडत असेल तर पोहता येत नसताना मागे उडी घेऊ नये. दोरी, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा, लोकांना हाक मारावी आणि ११२ वर फोन करावा.

शाळेत आम्ही पाऊणपट काढायला शिकवतो, तेव्हा मुले विचारतात, याचा उपयोग काय? निघण्याच्या आदल्या रात्री कॅलेंडर त्यांच्याच हाती द्या. भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गाडीत समोर लावा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर त्या वेळा पाळण्याचे काम मात्र आपले, मोठ्यांचे.