फडातल्या मुलांची थंडी

डिसेंबरच्या सुटीत मनाली किंवा गुलमर्गला निघालेली कुटुंबे आधी मुलांच्या कपड्यांची तयारी करतात. बर्फात स्कीइंग करणाऱ्या मुलांसाठी नियम ठरलेला आहे : एकच जाडजूड कपडा नको, तीन थर हवेत. अंगालगतचा थर कोरडा राहणारा, मधला ऊब धरणारा आणि वरचा वारा अडवणारा. याच दिवसांत शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊसतोड मजुरांची मुले उघड्या रानात कोपीत झोपतात आणि पहाटे आईवडिलांबरोबर फडात जातात. तिथे बर्फ नाही, पण नियम तोच लागू पडतो. त्यांच्यासाठी ही तयारी मात्र कोणी करत नाही.

बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास पाटस, आलेगाव, जातेगाव या परिसरातील कारखान्यांच्या हद्दीत उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत राहतात. डिसेंबर-जानेवारीत पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात पहाटेचा पारा १० अंशांखाली जाणे नवे नाही. तोड उजाडण्याआधी सुरू होते, उसाचा पाला दवाने भिजलेला असतो आणि जमीन ओली असते. कोपीत एकटे कसे ठेवायचे म्हणून लहान मूलही सोबत नेले जाते. भरलेल्या बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर रात्रीचा वारा लागतो तो वेगळाच.

कपडा स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीराची असते. कपडा धाग्यांमध्ये हवा अडकवून ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे अधिक उबदार ठरतात. कपडा भिजला की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओला सुती कपडा लवकर वाळतही नाही. लोकर ओलावा शोषूनही बरीच ऊब टिकवते. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. अगदी तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडून अंग तापवताही येत नाही.

यावरून निवड कशी करावी हे ठरते. आत अंगाबरोबर बसणारा पातळ कपडा आणि त्याचा एक कोरडा जोड हाताशी. दवाने किंवा लघवीने भिजला की लगेच बदलता यावा. त्यावर लोकरी स्वेटर. गाडीवर बसताना सर्वांत वर पावसाळ्यातला रेनकोटही चालतो, कारण तो वारा अडवतो. पण चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ जाताना रेनकोट आणि कृत्रिम धाग्याचे कपडे उतरवायलाच हवेत. ते पेटले की वितळून कातडीला चिकटतात. कानटोपी आवश्यक, कारण लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. मफलर किंवा लोंबती नाडी मात्र टाळावी. ती चाकात अडकू शकते. पायात मोजे आणि बंद बूट हवेत, पण घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर मधली हवा दबते आणि पाय उलट गार पडतात.

मूल गार पडले आहे का, हे हातापायांवरून नीट कळत नाही. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून पाहावे. तिथे गार लागले, मूल सुस्त झाले किंवा दूध ओढेना, तर कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी धरावे, दोघांवर पांघरूण घालावे आणि दवाखाना गाठावा. वर्षाच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. दोन महिन्यांखालील बाळात ६० ही धोक्याची खूण आहे. झोपेत बाळाच्या तोंडावर गोधडी येऊ देऊ नये आणि बंद कोपीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये; तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

हे सारे आईला सांगून भागणार नाही. उचल फेडण्यासाठी पहाटे फडात उतरणाऱ्या बाईकडे मुलाचे ओले कपडे बदलायला वेळ नसतो आणि बदलायला दुसरा जोडही नसतो. दानशूर मंडळी थंडीत ब्लँकेट वाटतात. हेतू चांगलाच, पण चालत्या गाडीवर आणि फडात ब्लँकेट अंगावर टिकत नाही. त्याऐवजी दोन आतले जोड, एक स्वेटर, कानटोपी, मोजे आणि बूट, असा मापाचा संच दिला तर तो हंगामभर उपयोगी पडेल.

गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी निधी घेण्याचे धोरण आहे. टोळी उतरताच मुलांची नोंद, अंगणवाडी सेविकेची भेट आणि वयानुसार कपड्यांचा संच, एवढे त्यातून करणे अवघड नाही. मात्र ते गाळप सुरू होतानाच व्हायला हवे. संक्रांतीनंतर पोहोचलेल्या स्वेटरने डिसेंबरचा न्यूमोनिया टळत नाही.