निरोग्यांचें औषध

औषध हें रोग्यासाठीं असतें, ही समजूत आतां जुनी झाली. ज्यास कसलाही रोग नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ सकाळीं उपयुक्त जंतूंची एक कॅप्सूल घेतो, जेवणानंतर जीवनसत्त्वांची गोळी गिळतो, आणि आरोग्याचें कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानानें कचेरीची वाट धरतो. आजोबांच्या नित्यपूजेस हसणाऱ्या पिढीनें हें नवें आन्हिक मात्र निमूटपणें पत्करलें आहे!

या आन्हिकाचें मूळ पाहण्यासारखें आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील थोर शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनीं १९०७ च्या सुमारास असें अनुमान मांडलें कीं, मोठ्या आंतड्यांतील कुजविणारे जंतु वार्धक्य ओढवून आणतात, आणि दूध आंबविणारे जंतु त्यांस आवर घालतील. आंबट दूध पिणारे बल्गेरियांतील दीर्घायुषी शेतकरी हा त्यांचा दाखला. १९०८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें रोगप्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल. आंबट दुधाबद्दल नव्हे. अनुमान करणें हा शास्त्रज्ञाचा अधिकारच आहे. त्या अनुमानास सिद्धान्ताचा पोशाख चढवून बाजारांत उभें करणें हा व्यापाऱ्याचा उद्योग होय.

मग सिद्ध काय झालें? पुरेशा प्रमाणांत दिले असतां शरीरास लाभ देणारे जिवंत जंतु म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनें व अन्न-शेती संघटनेनें बोलाविलेल्या तज्ज्ञांनीं २००१ सालीं केली. तेव्हां एका जंतूचा एका विकारावर गुण आला म्हणून दुसऱ्याचा डबा विकत घेणें हा तर्क नव्हे. अमेरिकेंतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२० सालीं सारा पुरावा तपासला. अकालीं जन्मलेलीं अर्भकें, प्रतिजैविकें घेणारे कांहीं रोगी, अशीं मोजकींच स्थळें हातीं लागलीं. बहुतेक पोटविकारांसाठीं शिफारस करण्याजोगा पुरावा मिळाला नाहीं. उलट इस्रायलच्या वाइझमन संस्थेंतील संशोधकांस २०१८ सालीं असें आढळलें कीं, प्रतिजैविकांनंतर असे जंतु घेतलेल्यांच्या आंतड्यांतील मूळची जंतुवसाहत पूर्ववत् होण्यास विलंबच लागला.

यावर ठरलेला आक्षेप असा: "गुण नसेना का, अपाय तर नाहीं ना?" या भाबड्या प्रश्नास फिनलंडनें उत्तर दिलें आहे. तेथें धूम्रपान करणाऱ्या २९,००० हून अधिक पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ सालीं बाहेर पडला. ज्यांस बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नाहींच, सुमारें १८ टक्के अधिक आढळला. गाजरांत जें निरुपद्रवी, तें गोळींत तसेंच असेल, ही हमी निसर्गानें कोणास दिलेली नाहीं.

आम्ही गोळीचे वैरी नव्हों. गर्भधारणेपूर्वीं व आरंभीं घेतलेल्या फोलिक आम्लानें अर्भकाच्या मज्जारज्जूचीं अनेक व्यंगें टळतात. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव वारंवार आढळते. लोहाच्या उणिवेनें पंडुरोग झालेल्यास लोह हवेंच. परंतु या साऱ्यांत गोळीच्या आधीं कारण येतें. कोणास, किती, आणि केव्हांपर्यंत, हें तेथें ठाऊक असतें. उणीव आधीं, गोळी मागाहून, हा वैद्यकाचा क्रम. गोळी आधीं, उणीव मागाहून, हा जाहिरातीचा.

या उलट्या क्रमाची खरी किंमत रुपयांत मोजतां येत नाहीं. घरांतली बाई महिनोन् महिने थकते. तिचें रक्त तपासण्याऐवजीं तिच्या हातीं "शक्तीची" बाटली दिली जाते. गोळी चालू आहे, म्हणजे उपचार चालू आहे, अशी सर्वांची समजूत होते, आणि दुखणें निवांत वाढतें. वस्तुतः २०१६ सालच्या सरकारी नियमांप्रमाणें अशा पूरकांच्या वेष्टनावर "औषधी उपयोगासाठीं नाहीं" अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापावी लागते. जाहिरात मोठ्यानें बोलते. सूचना मुकी असते. आपल्या घरांतून इंग्रजी वाचणाऱ्यांचा तुटवडा नाहीं. तेवढी एक ओळ वाचण्याचे श्रम मात्र अद्याप कोणी घेतलेले दिसत नाहींत.