मातीचा किल्ला

"बाई, मातीचे किल्ले दिवाळीत करतात. खरे किल्ले दगडाचे असतात!" चौथीतल्या एका मुलाने मला परवा ठणकावून सांगितलं. अख्खा वर्ग त्याच्या बाजूने. तेव्हा त्यांना सांगितलेली गोष्टच, मुलांनो, आज तुम्हाला सांगते.

गोष्ट अमेरिकेतली आहे. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. यादवी म्हणजे एकाच देशातल्या माणसांची आपापसातली लढाई. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांची खरेदी-विक्री होई, त्यांना गुलाम म्हणून राबवत. ही गुलामगिरी टिकावी म्हणून ती राज्यं देशातून फुटून निघाली. त्यांपैकी एक जॉर्जिया. तिथल्या सवाना शहराच्या दक्षिणेला ओगीची नावाची नदी समुद्राला मिळते. काठाने मोठमोठी भातशेती आणि चिखलात राबणारे गुलाम. या नदीच्या मुखाजवळ दक्षिणेच्या सैन्याने किल्ला बांधला, फोर्ट मॅकॅलिस्टर. कशाचा? माती आणि वाळूचा! जाडजूड उतरते तट, भोवती खंदक, दारूगोळ्याचं कोठारही मातीखाली. सवानाभोवतीच्या अशा तटांवर माती वाहायला मळ्यांवरचे गुलाम आणत.

सवानाच्या दुसऱ्या बाजूला फोर्ट पुलास्की होता. तो मात्र झोकदार, सुमारे अडीच कोटी विटांचा. भिंती साडेसात फूट जाड. पण एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने नव्या तोफा आणल्या. त्यांच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या, त्यामुळे गोळा गरगर फिरत नेमका जाई. तीस तासांत भिंतीला खिंडार पडलं आणि किल्ला शरण आला.

मग मातीचा किल्ला तर चुटकीसरशी पडायला हवा ना? नाही पडला! वीट तडकते, तिचे तुकडे उडतात. मातीत गोळा नुसता रुतून बसतो. (कौलाच्या फुटक्या तुकड्यावर आणि वाळूच्या ढिगावर गोटी मारून बघा. लांबून हं, आणि घरी विचारून.) दिवसभर खड्डे पडत, रात्री शिपाई फावडी घेऊन ते भरून काढत. आपल्याकडेही १८०५ मध्ये भरतपूरच्या मातीच्या तटापुढे इंग्रजांचे चार हल्ले फसले होते. यशवंतराव होळकर तेव्हा तिथे आश्रयाला होते.

१८६२-६३ मध्ये मॅकॅलिस्टरवर समुद्राकडून सात हल्ले झाले. १ फेब्रुवारी १८६३ च्या माऱ्यात किल्ल्याचा अधिकारी मेजर गॅली मारला गेला. ३ मार्चला तर तीन चिलखती युद्धनौका तासन् तास आग ओकत होत्या. त्या दिवशी किल्ल्यात एकच जीव गेला. शिपायांचं लाडकं मांजर, टॉम कॅट! त्याच्या मृत्यूची खबर सेनापती ब्यूरेगार्डपर्यंत गेली.

वर्ग हळहळला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मांजराचं नाव ठेवलंय. माती वाहणाऱ्यांची नावं?"

खरं सांगते, हा प्रश्न मला सुचला नव्हता. अशा कामांच्या हजेरीच्या याद्या आहेत, त्यांत गुलामांची नावंही सापडतात. पण त्या लिहिल्या कशासाठी? त्यांच्या कष्टाचे पैसे त्यांच्या मालकाला चुकते करायचे म्हणून.

अखेर किल्ला पडला तो जमिनीच्या बाजूने. १३ डिसेंबर १८६४. सेनापती शर्मनची फौज अटलांटाहून चालत आली होती, भुकेली होती, आणि धान्याची जहाजं समुद्रात खोळंबली होती. किल्ल्यात जेमतेम २३० माणसं. बाहेर जमिनीत सुरुंग पेरलेले, तरी जनरल हेझनचे सैनिक धावत सुटले. नदीपलीकडच्या भातगिरणीच्या छपरावरून शर्मन बघत होता. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. आठवड्याभरात सवानाही पडलं.

जानेवारी १८६५ मध्ये शर्मनने हुकूम काढला. किनाऱ्यालगतची, नद्यांकाठची सोडून दिलेली भातशेती मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. हजारो कुटुंबांनी नांगर धरला. पण त्याच वर्षी नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या.

किल्ला अजून आहे. १९३० च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डने ती जागा घेऊन त्याची डागडुजी केली. त्या मुलीला मी हेही सांगितलं. ती म्हणाली, "आणि शेतं?"