रेडिओ दुर्बीण ‘ऐकते’ म्हणू नका

मध्यंतरी कुरुंदवाडच्या एका शाळेत रेडिओ दीर्घिकांवर बोलायला गेलो होतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीचे चित्र दाखवताच एका मुलीने विचारले, “सर, दीर्घिकेचा आवाज कसा असतो हो?” वर्ग हसला. चूक तिची नव्हती. ‘साधी दुर्बीण पाहते, रेडिओ दुर्बीण ऐकते’ असे आपणच सांगत आलो आहोत. शिक्षक मित्रहो, हे वाक्य आता सोडून द्यावे.

रेडिओ लहरी म्हणजे ध्वनी नव्हे. तोही प्रकाशच, फक्त तरंगलांबी मोठी. पुरावा हवा असेल तर कन्या राशीच्या दिशेची एम ८७ ही दीर्घिका घ्या. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे. १९१८ मध्ये हेबर कर्टिस यांना छायाचित्रात तिच्या केंद्रातून निघालेली एक सरळ रेघ दिसली. ती कशाची, ते कळेना. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी एक प्रखर रेडिओ स्रोत म्हणजे हीच दीर्घिका असे ओळखले. १९५६ मध्ये वाल्टर बाडे यांनी त्या रेघेचा प्रकाश ध्रुवित असल्याचे दाखवले. म्हणजे तो ताऱ्यांचा नव्हताच! चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन असा प्रकाश देतात, आणि रेडिओ लहरीही तसेच इलेक्ट्रॉन देतात. केंद्रातल्या कृष्णविवराजवळून सुटलेला तो झोत आहे.

आता गंमत पाहा. दृश्य प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन भलतेच उधळे. काही शे वर्षांतच त्यांची ऊर्जा सरते. झोत तर सुमारे ५००० प्रकाशवर्षे लांब! मग टोकापर्यंत उजेड कसा? वाटेतच त्यांना पुन्हा वेग मिळत असला पाहिजे. रेडिओ लहरी देणारे इलेक्ट्रॉन काटकसरी. ते कितीतरी अधिक टिकतात, म्हणून रेडिओ चित्रात झोताच्या पलीकडे दूरवर पसरलेले ढगही दिसतात. नुसत्या रेडिओ चित्रावरून हा प्रश्न सुचला नसता. वर्गात दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावावीत, असे मला वाटते ते यासाठी.

खोडद परिसरातल्या त्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दिवसाही काम करतात, ढगांतूनही. पंचगंगेला पूर आलेला असतो, कुरुंदवाडहून एक तारा दिसत नाही, तेव्हाही.

हे सारे ऐकून त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. “आवाज नाही, पण डोळ्यांना दिसतही नाही, मग चित्रात रंग कुठून आले?”

आपणच भरलेले, बाई! जिथे लहरी अधिक तीव्र, तिथे रंग अधिक उजळ. चित्राखाली हे छापायला एक ओळ पुरे.