अंगठा आणि नकार

निरक्षराचा अंगठा सुटून तेथे सही येणे ही या देशातील कष्टकऱ्यांची फार मोठी कमाई आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावोगावच्या प्रौढांच्या हाती पाटी दिली, ती कागद न वाचता त्यावर अंगठा उठवण्याची लाचारी संपावी म्हणून. त्या पिढीची शिकलीसवरलेली नातवंडे आज दिवसातून कितीतरी वेळा अंगठा टेकवीत आहेत, आणि आपण कशाला होकार देत आहोत हे वाचण्याची फुरसतही त्यांना उरलेली नाही. बँकेचे ॲप असो, विम्याचे असो की उसनवारीचे, प्रत्येकाचा लकडा एकच : बोटाच्या ठशाने प्रवेश चालू करा. ‘हो’ म्हणणाऱ्यासाठी मोठे, रंगीत बटण असते. ‘नको’ म्हणणाऱ्यासाठी बहुधा ‘नंतर’ एवढाच बारीक शब्द. नंतर म्हणजे उद्या पुन्हा तोच प्रश्न.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हा होकार परत घ्यावा. ज्या ॲपमध्ये पैसा आहे, पत्रव्यवहार आहे, सहकाऱ्यांची नावे आहेत, तेथे तरी बोटाचा ठसा बंद करावा.

टीका करायची तर ती खऱ्या दोषावर करावी, म्हणून एक गैरसमज आधीच दूर करतो. बँकेच्या ॲपमध्ये बोट टेकवले की ठसा बँकेकडे जातो, ही समजूत बरोबर नाही. आजच्या मोबाईलमध्ये ठशाची नोंद त्या यंत्राच्याच एका बंदिस्त भागात राहते; ॲपला कळते ते एवढेच की ठसा जुळला किंवा जुळला नाही. दोष आहे तो दुसराच, आणि तो अधिक गंभीर आहे.

कुलूप कोणते चांगले? मालकाच्या इच्छेवाचून ज्याची किल्ली फिरत नाही, ते. परवलीचा अंक मनात असतो. तो सांगायचा की नाही हे माणूस ठरवतो. बोट मात्र शरीराला चिकटलेले आहे. झोपलेल्या बायकोचे बोट नवरा मोबाईलला लावू शकतो. वसुलीला आलेला गुंड मनगट धरून ते टेकवू शकतो. ठाण्यात चार जणांनी धरलेल्या माणसाचे बोट त्याला काही विचारल्यावाचून काम करते. ठसा जुळल्याचे यंत्राला कळते. माणूस राजी होता का, हे कळत नाही. शिवाय परवलीचा अंक फुटला तर पाच मिनिटांत बदलता येतो. बोटे जन्मभर तीच राहतात. नोंदणी कार्यालयांतील दस्तांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे बनवून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे लांबवल्याचे गुन्हे या देशात घडले आहेत. लुबाडल्या गेलेल्या माणसाने आता कोणता नवा अंगठा आणावा?

ठशाचा जन्मच मुळी अविश्वासातून झाला आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला, तो कोनाईने पुढे सही नाकारण्याचे धैर्य करू नये म्हणून. याच मनोवृत्तीतून पुढे ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर ठसे देण्याची सक्ती आली, आणि १९०६ साली तिच्याविरुद्ध सत्याग्रहाचा जन्म झाला. १९०८ च्या तडजोडीनंतर गांधीजींनी स्वतः होऊन ठसे दिले. सरकारने शब्द फिरवला तेव्हा त्याच वर्षी लोकांनी आपले परवाने जोहान्सबर्ग येथे जाळले. ठसा तोच होता. झगडा होता तो स्वेच्छा आणि सक्ती यांमधील भेदाचा. तोच भेद मोबाईलच्या काचेवर पुसला जात आहे.

कायद्याची बाजूही कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते. परंतु १९६१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला की, बोटांचे ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. उलट २०१० च्या सेल्वी खटल्यात, संमतीवाचून नार्को चाचणी करून माणसाच्या मनातले काढून घेणे घटनाबाह्य ठरले. परवलीच्या शब्दाबाबत न्यायालयांत मतभेद आहेत. तरीही मनातील गोष्टीच्या बाजूने भांडायला काही आधार आहे, बोटाच्या बाजूने तो फारच दुबळा. त्यात २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने पोलिसांना ठसे घेण्यास विरोध करणे हाच गुन्हा ठरवला आहे. तो कायदा ओळख पटवण्यासाठीच्या ठशांचा आहे हे खरे. पण राज्यसंस्था आपल्या शरीराकडे कोणत्या नजरेने पाहते, हे त्यावरून कळते.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही,’ असे काही मित्र म्हणतात. मित्रहो, तुमच्या मोबाईलमध्ये केवळ तुम्हीच असता काय? संपाच्या समितीची नावे तेथे आहेत. मालकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईचा क्रमांक आहे. बहिष्कृत कुटुंबाने विश्वासाने पाठवलेली छायाचित्रे आहेत. ती तुमची मालमत्ता नव्हे, ती ठेव आहे. आणि दुसऱ्याची ठेव आपल्या सोयीसाठी उघड्यावर टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

लोकलच्या गर्दीत अंक टाकताना शेजारी डोकावतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे लांब अंक आणि हाताचा आडोसा. ज्यांना अंक लक्षात ठेवणे खरोखरच अवघड जाते, त्यांना कुलूपच नसण्यापेक्षा बोटाचे कुलूप बरे, हेही मान्य. पण अपवाद म्हणून जे स्वीकारायचे, त्याचा सर्वांसाठी नियम होऊ देऊ नये.

करायचे ते फार नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या सदरात जाऊन बोटाच्या ठशाने होणारा प्रवेश बंद करावा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये किती ठशांची नोंद आहे ते पाहावे. दुकानदाराने किंवा भाच्याने ‘तपासण्यासाठी’ म्हणून नोंदवलेले स्वतःचे बोट तेथे राहून गेले असेल तर ते पुसावे. मोर्चाला निघण्यापूर्वी मोबाईल बंद करून चालू करावा आणि कुलूप न उघडता खिशात ठेवावा. त्यानंतर पहिल्यांदा उघडताना तो ठसा न स्वीकारता अंकच मागतो. प्रत्येक शाखेच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटे काढून हे एकमेकांना शिकवावे. साक्षरतेच्या वर्गात हेच होत असे : ज्याला येते त्याने न येणाऱ्याला शिकवायचे.

सोयीचे आमचे वैर नाही. पण ज्या सोयीत नकाराला जागा नाही, ती फार काळ सोय राहत नाही. आजोबांचा अंगठा नाइलाजाचा होता. आपल्याला तेवढीही सबब नाही.