मोकळी वाट हीच खरी क्षमता

आपल्या शहराच्या वर्सोवा किनाऱ्यावर समुद्राच्या तळातून येणाऱ्या केबली विसावतात. त्यांतील केसाएवढ्या काचतंतूंवर या देशाच्या परदेशाशी चालणाऱ्या व्यवहाराचा फार मोठा भार आहे, याची जाणीव नागरिकांस क्वचितच असते. हा भार दिवसेंदिवस वाढत असता केवळ नव्या केबली टाकून भागेल काय, हा प्रश्न विचारणे आता अगत्याचे झाले आहे.

१९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी असे दाखविले की, काच पुरेशी शुद्ध असेल तर तिच्यातून प्रकाश दूरवर संदेश नेऊ शकेल. १९८८ मध्ये अटलांटिकखाली पडलेली काचतंतूंची पहिली केबल एकाच वेळी सुमारे ४०,००० संभाषणे वाहू शके. मात्र क्षीण झालेल्या प्रकाशाचे वाटेत विजेत आणि विजेचे पुन्हा प्रकाशात रूपांतर करावे लागे. पुढे अर्बियम या धातूचा अंश मिसळलेल्या तंतूने ती अडचण दूर केली. प्रकाश प्रकाशरूपातच बळकट होऊ लागला आणि एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचे, म्हणजे जणू अनेक रंगांचे, संदेश एकदम धावू लागले.

संपूर्ण प्रवास प्रकाशरूपानेच व्हावा, ही पुढची पायरी होय. तीत वीज व वेळ दोन्ही वाचतात. तथापि तिची अट कठोर आहे. संदेश ज्या रंगाने निघाला तोच रंग प्रत्येक टप्प्यावर मोकळा असावा लागतो. एका टप्प्यावर एक व दुसऱ्यावर भलताच रंग मोकळा असेल, तर दोन्हीकडे जागा असूनही संदेश अडतो. प्रकाशाचा जोर वाढवावा, तर मर्यादेपलीकडे काचच संदेश विकृत करू लागते. म्हणजे क्षमता वाढविणे हा जितका तंतूंचा, तितकाच योग्य वाटणीचा व राखीव जागेचा प्रश्न आहे.

जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्याजवळ दोन केबली निकामी झाल्या आणि भारताचा इंटरनेट व्यवहार लंगडू लागला. तुटलेल्या केबलीचा भार उचलावयाचा, तर दुसऱ्या वाटेवर रंग मोकळे राखलेले हवेत. आणि मुळात दुसरी वाट हवी. आपल्याकडे येणाऱ्या केबली मुख्यतः मुंबई व चेन्नई येथेच एकवटल्या आहेत. यास्तव नव्या केबलीस अनुमती देताना सरकारने तिची वाहकशक्ती किती, एवढेच विचारून थांबू नये. ती तुटल्यास संदेश कोणत्या वाटेने जाणार, याचेही उत्तर आधी मागून घ्यावे.